पलीकडच्या बाईंची यादी

पलीकडच्या बाईंच्या फ्रिजवर कायम एक चिठ्ठी असायची. फिकट हिरवा कागद, मधोमध उभी रेघ आणि त्यावर पेनानं ओढलेली वळणं, गाठी, वेलांट्या. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, फोनवर बोलता बोलता गिरगटलं असेल. त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं: अंडी, लोणी, नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि नातवाला नाताळात द्यायचा लाल ट्रक. त्यांची मुलं लहान होती तेव्हाही भेटवस्तूंची यादी अशीच उघड्यावर लावलेली असायची म्हणे. घरात पाच माणसं, वाचता येणारं एकच.

हे ग्रेग शॉर्टहँड, म्हणजे बोललेलं झटपट टिपून घ्यायच्या लिपीचा एक प्रकार. ओहायोत, सिनसिनाटीच्या उत्तरेला आमचं गाव आहे. तिथल्या हायस्कुलात बाई ते शिकल्या आणि १९६० साली शाळेतून बाहेर पडल्या. आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा त्या निवृत्त झालेल्या होत्या. माझी मुलं त्यांना नावानं हाक मारत, मला ते जमलं नाही. घरात आम्ही त्यांना ‘पलीकडच्या बाई’च म्हणायचो.

२०१४ च्या उन्हाळ्यात आई तीन महिने राहायला आली. आई म्हणजे फोर्टमधल्या एका कंपनीत एकतीस वर्षं स्टेनो. अकरावी मॅट्रिक झाल्यावर दादरला स्टेशनजवळच्या इन्स्टिट्यूटमध्ये रोज एक तास टायपिंग, एक तास शॉर्टहँड. टायपिंगची परीक्षा मिनिटाला तीस शब्दांची, मग चाळीस. शॉर्टहँडची ऐंशी, मग शंभर. या पायऱ्या चढून ती नोकरीला लागली. तिचं इंग्रजी सगळं पत्रातलं. बाईंचे उच्चार तिला कळेनात, तिचे बाईंना. मी मध्ये बसून इकडचं तिकडे करत होते, तेवढ्यात आईला फ्रिजवरची चिठ्ठी दिसली.

“शॉर्टहँड आहे ना गं हे?” ती उठून जवळ गेली. चष्मा वर करून बघितलं. “पण असं कसं? जाड-बारीक काहीच नाही. सगळं एकाच हातानं ओढलंय.”

मी बाईंना सांगितलं की आई पिटमन पद्धतीचं शॉर्टहँड लिहिते. बाईंनी पिटमनचं नाव ऐकलेलं होतं, पाहिलेलं कधी नव्हतं. त्यांनी ड्रॉवरमधून त्यांचं पॅड काढलं, आईसाठी एक कोरा कागद. आईनं पेन नाकारलं. पेन्सिल मागितली, तिचं टोक अंगठ्यावर तपासलं आणि मला म्हणाली, “हं, सांग. डिअर सर, विथ रेफरन्स टू युवर लेटर ऑफ द फोर्टीन्थ इन्स्टंट.”

मी सांगितलं. दोघी लिहायला लागल्या. आईनं ओळ संपवून पेन्सिल टेबलावर ठेवली, बाई शेवटच्या शब्दाशी होत्या, तेही हसत होत्या म्हणून. ‘फोर्टीन्थ इन्स्टंट’, म्हणजे चालू महिन्याची चौदा तारीख, असं कुणी पत्रात लिहिलं तर त्यांच्या शिक्षिका लाल पेन्सिलीनं खोडायच्या. तारीख सरळ लिहा, हा आजोबांच्या काळचा थाट बंद करा, असं अमेरिकन पाठ्यपुस्तकांतच असायचं. आईला हे भाषांतर करून सांगितल्यावर ती जरा दुखावली. एकतीस वर्षं तिनं इन्स्टंट लिहिलं होतं आणि साहेबांनी सही केली होती.

मग कागद बदलून दोघींनी एकमेकींचं पाहिलं. एकच वाक्य, आणि एकीला दुसरीचं एक अक्षर लागेना.

पिटमनमध्ये ‘प’ आणि ‘ब’ची रेघ एकच. बारीक काढली की प, दाबून काढली की ब. ट-ड, च-ज, क-ग यांचंही तसंच. आपण व्याकरणात ज्याला कठोर आणि मृदू व्यंजन म्हणतो तो भेद पिटमन या गृहस्थानं पेन्सिलीच्या दाबावर सोपवला, आणि गंमत म्हणजे त्याच्याकडे कठोर ते हलक्या हातानं आणि मृदू ते दाबून. स्वर म्हणजे रेघेशेजारी ठिपके आणि बारक्या रेघा. वेग आला की तेही गाळायचे आणि शब्द ओळीच्या वर काढलाय, ओळीवर की ओळीला छेदून, यावरून स्वर ओळखायचा. म्हणून आईला आखलेला कागद लागतो, म्हणून पेन्सिल लागते. ग्रेगमध्ये दाबाचा प्रश्नच नाही, सगळा खेळ लांबीवर. आखूड रेघ ‘न’, तीच लांब ओढली की ‘म’. आखूड ‘ट’, लांब ‘ड’. स्वर गोलांचे आणि आकड्यांचे, शब्दाच्या अंगातच ओवलेले. बॉलपेननं, गुडघ्यावर वही ठेवून, बसमध्येसुद्धा लिहिता येतं.

आयझॅक पिटमननं आपली लिपी १८३७ साली इंग्लंडात काढली. त्याचा भाऊ बेन अमेरिकेत आला आणि सिनसिनाटीत स्थायिक झाला. तिथे त्यानं लघुलेखनाची संस्था काढली, आणि लिंकनच्या खुनाच्या कटाचा १८६५ सालचा खटलाही त्यानंच नोंदवून घेतला. म्हणजे आईची लिपी बाईंच्या जन्माआधी जवळजवळ नव्वद वर्षं त्यांच्याच परिसरात येऊन बसली होती. मग १८८८ मध्ये जॉन रॉबर्ट ग्रेग नावाच्या विशीतल्या आयरिश मुलानं लिव्हरपूलला आपली पद्धत छापली, १८९३ मध्ये तो अमेरिकेत आला, आणि शाळांमधून पिटमनचं बूड उचललं गेलं. इंग्रज जिथे जिथे राज्य करत होते तिथे पिटमन राहिलं. ओहायोतली मुलगी ग्रेग शिकली आणि दादरची मुलगी पिटमन, याला कारण एवढंच.

मग बाईंनी वरच्या खोलीतून शाळेचं इयरबुक आणलं. त्याच्या खाचेत एक इवलीशी पिन अडकवलेली: ‘ऑर्डर ऑफ ग्रेग आर्टिस्ट्स’. शॉर्टहँडचं वळण सुबक असलं, नमुना पाठवला आणि पास झाला की ही पिन मिळायची. वेगासाठी वेगळी परीक्षा, ही फक्त अक्षराच्या सौंदर्यासाठी. आईनं ती तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिली. तिच्याकडे सरकारी प्रमाणपत्रं होती, सुंदर लिहिल्याबद्दल कुणी काही दिलं नव्हतं.

इयरबुकमध्ये प्रत्येक फोटोखाली नाव, क्लब आणि कोर्स. कॉलेज प्रिपरेटरी, कमर्शियल किंवा जनरल. एका पानावर टायपिंगच्या खोलीचा फोटो. पाच रांगा, रॉयल आणि अंडरवूडची अवजड यंत्रं, भिंतीवर कळफलकाचा मोठा तक्ता. चेहरे झाडून सगळे मुलींचे, झाडून सगळे गोरे. मुलगे दिसतात ते दुसऱ्या फोटोत. कॉलेजला जाणारी मुलं एखादं सत्र ‘पर्सनल टायपिंग’ घ्यायची, आपले निबंध आपल्याला टाइप करता यावेत म्हणून. एकाच यंत्रावर एकानं स्वतःचं टाइप करायचं आणि दुसरीनं दुसऱ्याचं.

कळांवर अक्षरं नसायची. मान वर, डोळे तक्त्यावर. हाताला ताल लागावा म्हणून शिक्षिका ग्रामोफोनवर मार्चच्या तबकड्या लावायच्या, आणि तीस मुली त्या तालावर एकदम कळा मारायच्या. उजव्या समासाच्या थोडं अलीकडे घंटी वाजते, शब्द पुरा करायचा, डाव्या हातानं गाडा मागे ढकलायचा. पाच ठोके म्हणजे एक शब्द, एका चुकीला दहा शब्द वजा. आईनं हे ऐकून मान डोलावली. तिच्याकडे ए-एस-डी-एफ-जी-एफ होतं, बाकी काही फरक नाही. मग तिची नजर माझ्याकडे वळली. “आणि ही बघा. सगळा जन्म कीबोर्डवर काढतेय आणि अजून कोंबडीसारखी दोन बोटांनी टिपते.” हे मी बाईंना सांगितलं नाही. त्यांना कळलं असावं.

बुककीपिंगसाठी ‘प्रॅक्टिस सेट’ असायचा. एका लिफाफ्यात कुठल्यातरी काल्पनिक दुकानाची बिलं, पावत्या, चेक, आणि महिनाभर त्या दुकानाच्या वह्या लिहायच्या. बाईंच्या वाट्याला फर्निचरचं दुकान आलं होतं. पन्नास-पंचावन्न वर्षांनंतरही त्या दुकानाचं भाडं किती होतं ते त्यांना पाठ होतं. टायपिंगची आणि बुककीपिंगची ही पुस्तकं छापणारी साउथ-वेस्टर्न नावाची कंपनी सिनसिनाटीचीच. देशभरच्या मुली त्या पुस्तकांवर बोटं घासत होत्या. आपल्याकडे हे शिक्षण शाळेबाहेर, जिन्याखालच्या इन्स्टिट्यूटमध्ये, स्वतःची फी भरून घ्यायचं. अमेरिकेतही एकोणिसाव्या शतकात ते खासगी ‘बिझनेस कॉलेजां’च्या हाती होतं, नंतर सरकारी हायस्कुलांनी ते आत घेतलं. केंद्र सरकारनं १९१७ च्या कायद्यानं शेती, गृहशास्त्र आणि कारखान्यातल्या कामांच्या शिक्षणाला पैसा दिला, ऑफिसच्या कामाला तो नीट मिळायला १९६३ उजाडलं. तरी टायपिंगच्या खोल्या भरलेल्या असायच्या. नोकरी मिळत होती, आणखी काय हवं?

“तुम्ही भाषा कुठली घेतलीत?” मी विचारलं. तिथल्या शाळांत फ्रेंच-स्पॅनिश असतं एवढंच माझ्या डोक्यात.

“कुठलीच नाही.”

आठवी संपताना शाळेनं एक फॉर्म दिला, वडिलांनी कमर्शियलच्या चौकटीत खूण केली. कमर्शियलवाल्यांच्या वेळापत्रकात परकी भाषा बसत नव्हती आणि लागतही नव्हती. भाषा कॉलेजवाल्यांची. बाईंना फ्रेंच घ्यायचं होतं. दोन वर्षं मोठ्या भावाच्या फॉर्मवर कॉलेजची खूण होती, त्यानं फ्रेंच घेतलं आणि नापास झाला. हे सांगताना बाईंना इतक्या वर्षांनीही आनंद होत होता, तो त्या लपवत नव्हत्या.

त्यांची आजी, त्या तिला ओमा म्हणायच्या, जर्मन बोलायची. आई जर्मन समजायची, पण बोलायची ती फक्त ओमाशी, मुलांना कळू नये असं काही असलं की. बाईंना काहीच येत नव्हतं. हे असं आपोआप झालेलं नाही. सिनसिनाटीच्या शाळांत १८४० पासून जर्मन आणि इंग्रजी दोन्हींतून शिकवत. १९१५ साली अमेरिकेतल्या हायस्कुलांतले जवळजवळ २४ टक्के विद्यार्थी जर्मन शिकत होते. १९२२ मध्ये एक टक्कासुद्धा नाही. मधल्या सात वर्षांत महायुद्ध झालं, सिनसिनाटीतल्या जर्मन स्ट्रीटची इंग्लिश स्ट्रीट झाली, ब्रेमेन स्ट्रीटची रिपब्लिक स्ट्रीट. ओहायोनं १९१९ मध्ये खालच्या इयत्तांत जर्मन शिकवायलाच बंदी घातली. नेब्रास्कात त्याच वर्षी तसाच कायदा झाला, आणि दहा वर्षांच्या एका मुलाला बायबलमधल्या गोष्टी जर्मनमधून वाचायला शिकवल्याबद्दल रॉबर्ट मायर या शिक्षकाला २५ डॉलर दंड झाला. मायर सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९२३ मध्ये जिंकला. बंदी उठली, पण तोवर बाईंच्या आईसारखी मुलं घरात इंग्रजीतून उत्तर द्यायला शिकली होती. कोर्टाला कायदा रद्द करता येतो, लाजलेल्या जिभेचं तो काय करणार!

त्यानंतर भाषा हा विषयच मागे पडला. १९५५ च्या सुमारास अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त सरकारी हायस्कुलांत एकही आधुनिक परकी भाषा शिकवली जात नव्हती. मग ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियानं स्पुटनिक उपग्रह सोडला आणि सगळ्यांना एकदम रशियन आठवलं. २ सप्टेंबर १९५८ ला राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवरनं राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यावर सही केली. नावातच संरक्षण. गणिताला आणि विज्ञानाला पैसे, त्यांच्याच बरोबर भाषांना पैसे. शाळेनं आपला वाटा घातला की यंत्रसामग्रीला सरकारी जोड. मुलांच्या चाचण्या घेऊन त्यांना चौकटींत बसवणाऱ्या समुपदेशकांसाठीही याच कायद्यात तरतूद होती. पुढच्याच वर्षी हार्वर्डचे माजी अध्यक्ष कॉनंट यांनी अमेरिकन हायस्कुलांवर अहवाल छापला. त्यात हुशार मुलांनी एक परकी भाषा सलग चार वर्षं शिकावी ही शिफारस आहे, आणि मुलींसाठी टायपिंग, स्टेनोग्राफी असे अभ्यासक्रम असावेत हीही आहे. दोन्ही एकाच अहवालात, त्यांना त्यात काही खटकलं नाही.

बाई शेवटच्या वर्षाला असताना टायपिंगच्या खोलीसमोर सुतार आले. महिनाभर ठोकाठोक चालली. मग दाराच्या काचेतून त्यांना दिसलं: लाकडी कप्पे, प्रत्येकात एक मुलगा, कानाला हेडफोन, पुढे टेप. भाषा प्रयोगशाळा. टेपवरचा आवाज एक वाक्य बोलायचा, थांबायचा, आणि सगळे कप्पे एकदम तेच वाक्य बोलायचे. पहिल्यांदा बाईंना वाटलं, ती मुलं प्रार्थना म्हणतायत.

ही पद्धत मूळची सैन्यातली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना झटपट भाषा बोलती करण्यासाठी घोकंपट्टीचे वर्ग काढले होते, त्यांचं शाळेला बेतलेलं रूप कनेक्टिकटमधल्या ग्लास्टनबरी गावच्या शाळांनी सरकारी पैशातून तयार केलं आणि देशभर पसरलं. संवाद पाठ करायचा. मग वाक्य तेच ठेवून एक शब्द बदलायचा, पुन्हा म्हणायचं, पुन्हा बदलायचा. व्याकरण समजावून सांगायचं नाही, विचार करायला वेळ द्यायचा नाही, जिभेला सवय लागली पाहिजे. हे मी बाईंकडून ऐकत होते आणि मला समोरची खोलीच दिसत होती. तिथे बोटाला सवय लावत होते. कानावर पडलं की विचार न करता हात हलला पाहिजे, हेच तर शॉर्टहँड. बोळाच्या अलीकडे आणि पलीकडे एकच कवायत चालली होती.

माझं मत विचाराल तर भाषा टायपिंगच्या बाजूला जास्त शिकवली गेली. सामनेवाल्या खोलीतली बहुतेक मुलं दोन वर्षांनी ‘नमस्कार, ग्रंथालय कुठे आहे’च्या पुढे गेली नाहीत, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्या कप्प्यांवर धूळ बसली. कमर्शियलच्या मुलींना मात्र साहेबानं अर्धवट सोडलेलं वाक्य पुरं करता यावं लागे, स्वल्पविराम कुठे द्यायचा, ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा हे कळावं लागे. ध्वनी ऐकून तो चिन्हात उतरवायचा आणि चिन्हावरून पुन्हा अर्थ उभा करायचा, हे दिवसातून चाळीस वेळा. याला भाषेचं शिक्षण म्हणायचं नाही तर कशाला? पण फॉर्मवर ते भाषेच्या रकान्यात येत नव्हतं, आणि कॉलेजच्या दारात त्याला किंमत नव्हती.

आणखी एक गोष्ट आईला सांगितली तेव्हा तिचा विश्वास बसेना. हायस्कुलात रशियन आणि जर्मन परत आणणाऱ्या त्या वातावरणात वरच्या पातळीवर विद्यापीठांत आशियाई भाषांची केंद्रं उभी राहिली, आणि पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात अमेरिकन मुलं मराठी शिकू लागली. नरेश कवडी आणि फ्रँकलिन साउथवर्थ यांचं ‘स्पोकन मराठी’ हे पाठ्यपुस्तक तिथलंच. आंबेडकरांच्या चळवळीवर आयुष्यभर काम केलेल्या एलिनॉर झेलियट त्याच विद्यापीठाच्या. मूळच्या आयोवाच्या. पुस्तकांची सोय तर अजबच झाली. पीएल ४८० या अमेरिकन कायद्याखाली जो गहू आपल्याकडे आला त्याचे पैसे अमेरिकेला रुपयांत मिळत, ते रुपये तिकडे नेता येत नव्हते, म्हणून त्यातल्या काहींची साठच्या दशकात इथली पुस्तकं विकत घेऊन तिथल्या ग्रंथालयांत पाठवली. त्यात मराठीही.

“म्हणजे आम्ही रेशनच्या रांगेत तो गहू निवडत होतो,” आई म्हणाली, “आणि तुमच्या लायब्रऱ्या भरत होत्या.” मग जरा थांबून: “खडे फार असायचे.”

बाई शाळेतून निघाल्या त्या सोमवारी एका विमा कंपनीत लागल्या. पहिल्या बाळंतपणाला सोडलं, मुलं मोठी झाल्यावर परत धरलं. तोवर ऑफिसात डिक्टाफोन आले होते, मग वर्ड प्रोसेसर आले, मग साहेबच स्वतः टाइप करायला लागले, तेही माझ्यासारखे दोन बोटांनी. शाळांतून ग्रेग ऐंशी-नव्वदच्या दशकांत बंद पडत गेलं. बाईंनी ते घरी आणलं: याद्या, फोन नंबर, हिशोब. आईचंही तसंच होतं. कालनिर्णयच्या चौकोनांत ती दुधाचा आणि इस्त्रीचा हिशोब पिटमनमध्ये लिहायची, मराठी शब्द इंग्रजी चिन्हांत. ‘ळ’ला चिन्ह नाही म्हणून आमच्या कामवाल्या काळेमावशी कालनिर्णयात जन्मभर ‘काले’ राहिल्या.

ते तीन महिने आई रोज दुपारी पलीकडे जायची. मी कामावर असायचे, मध्ये बसायला कुणी नाही. काय बोलता, विचारलं तर म्हणायची, “बोलतो काहीतरी.” टेबलावर कागद सापडायचे, एका ओळीत ग्रेग, खाली पिटमन, खाली ग्रेग.

बाई २०२१ च्या हिवाळ्यात गेल्या. वसंतात त्यांची मुलगी घर आवरायला आली आणि एक खोकं घेऊन आमच्या दारात उभी राहिली. आत तीस-पस्तीस हिरवी पॅडं. तिला आठवत होतं की माझ्या आईला शॉर्टहँड येतं. आपल्या आईनं काय लिहून ठेवलंय, कळेल का? मी सांगितलं की ते शॉर्टहँड वेगळं. तिला ते पटलं नाही, कसं पटणार, बघणाऱ्याला दोन्ही गिचमिडच. म्हणून मी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि एक पॅड कॅमेऱ्यासमोर धरलं.

“ग्रेग आहे गं. मला नाही येत.” तिकडे रात्र होती, आई पलंगावर बसलेली. “पान उलट. आणखी एक. थांब, थांब, जवळ धर.”

मी धरलं. डाव्या कडेनं वळणं, सगळी अगम्य, उजवीकडे एकाखाली एक साधे आकडे.

“हा हिशोब आहे. बाजाराचा असेल.” तिचे ओठ हलत होते, बोट पडद्यावरून खाली सरकत होतं. शेजारी बाईंची मुलगी श्वास रोखून उभी.

“काय म्हणतेय ती?”

“सांग तिला,” आई म्हणाली, “बेरीज चुकलीय. हातचा एक धरलेला नाही.”